क्लॅप्टनचे चॅरिटी कॉन्सर्ट: गिटार शिकणाऱ्याने कुठून सुरुवात करावी?

ई_मायनर:

नमस्कार मंडळी. गिटार शिकतोय, कॉर्ड्स वगैरे झाले, आता ब्लूजचे बेंड्स (तार बोटाने ओढून सूर चढवणं) थोडेथोडे जमायला लागलेत. आमचे सर म्हणतात ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन समजून घ्यायचा तर स्टुडिओ रेकॉर्डिंगच्या मागे लागू नकोस, लाइव्ह ऐक. म्हणून शोधायला बसलो तर लक्षात आलं की त्याचं जे लाइव्ह सगळ्यात जास्त बघितलं जातं त्यातलं बरंचसं कुठल्या ना कुठल्या मदतीसाठी केलेलं आहे. बांगलादेश, लाइव्ह एड (१९८५, इथिओपियाच्या दुष्काळासाठी), बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या स्मरणार्थ झालेला, न्यूयॉर्कचे दोनतीन, आणि मग ते क्रॉसरोड्स तर अख्खे फेस्टिव्हलच. इतकं आहे की कुठून धरावं कळेना.

दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे शिकणाऱ्याने यातलं आधी काय ऐकावं, आणि त्यात नेमकं कशाकडे लक्ष द्यावं. दुसरा प्रश्न आमच्या बाबांचा आहे, ते शेजारी बसून बघत होते आणि म्हणाले की एवढे मोठे लोक येतात, वाजवतात, टाळ्या घेतात, पण ज्यांच्यासाठी वाजवलं त्यांच्यापर्यंत पैसे पोचतात का? मला उत्तर देता आलं नाही. कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

फ्रेटबोर्ड_पुणे:

सरांना माझा नमस्कार सांग, अगदी बरोबर सांगितलंय त्यांनी.

माझं मत विचारशील तर दहा कॉन्सर्ट ऐकू नकोस, एकच गाणं धर, 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'. गाणं जॉर्ज हॅरिसनचं, पण १९६८ च्या मूळ रेकॉर्डवरची लीड गिटार क्लॅप्टनची. हेच गाणं त्याने तीन वेगवेगळ्या चॅरिटी स्टेजवर वाजवलंय आणि तिन्हीचं शूटिंग उपलब्ध आहे. १९७१ न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशसाठी. १९८७ लंडन वेंबली, प्रिन्स चार्ल्सच्या प्रिन्स ट्रस्टसाठी. आणि २००२ रॉयल अल्बर्ट हॉल, जॉर्ज गेल्यानंतर बरोबर एक वर्षाने, २९ नोव्हेंबरला. तिन्ही एका बसणीत ऐक. तेच गाणं, तोच माणूस, आणि तीन वेगळी आयुष्यं ऐकू येतात.

१९७१ ला तो हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेलेला होता. घराबाहेर पडत नव्हता, रिहर्सलला येईल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून ऐनवेळी जेसी एड डेव्हिस या गिटारवाल्याला स्टँडबाय म्हणून बोलावून ठेवलेलं, आणि क्लॅप्टन आला तरी डेव्हिस स्टेजवर होताच. आता फिल्ममध्ये क्लॅप्टनच्या हातातली गिटार नीट बघ. ती त्याची नेहमीची स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) नाही, गिब्सन बर्डलँड आहे. आतून पोकळ, जॅझवाल्यांसाठी बनवलेली गिटार. त्यावर हे रडणारं, लांबवर ताणलेलं सोलो काढायचं म्हणजे पखवाजावर ढोलकी वाजवण्यासारखं आहे. त्याने स्वतः नंतर कबूल केलंय की त्या गाण्यासाठी ती गिटार चुकीची होती. नोट सस्टेन होत नाही, बेंड वर जातो आणि टिकण्याआधीच मरतो. तरीही शेवटी जॉर्ज आणि तो आलटून पालटून वाजवतात ना, तिथे नुसत्या हाताच्या सवयीवर तो उभा आहे आणि तरी सुरात आहे, हे मला दर वेळी थक्क करतं.

आणि मग २००२. इथे तो कार्यक्रमाचा संगीत दिग्दर्शक होता, सगळी मोट त्याने बांधलेली. पॉल मॅकार्टनी पियानोवर, रिंगो ड्रम्सवर, जॉर्जचा मुलगा धनी अकूस्टिक घेऊन शेजारी, आणि गातोयही क्लॅप्टनच. सोलोत घाई कुठेच नाही. एक नोट वर ओढतो, तिथे थांबतो, मग व्हायब्रॅटो, म्हणजे तो सूर हलवणं, सुरू करतो. हे 'मग' महत्त्वाचं आहे बरं का. आपण शिकणारे लोक बेंड सुरावर पोचायच्या आतच हात हलवायला लागतो, त्यामुळे सूर कधी लागतच नाही. क्लॅप्टन आधी सूर लावतो आणि नंतर हलवतो, आणि हलवताना बोटं नाही तर मनगटापासून अख्खा हात फिरतो, कॅमेरा जवळ जातो तेव्हा स्पष्ट दिसतं. हाफ स्पीडला लावून बघ.

१९८७ चं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. जॉर्ज स्वतः गातोय, रिंगो मागे, वाजवलंय सुंदरच. पण तेव्हा क्लॅप्टनचं दारूचं व्यसन पुन्हा सुरू झालेलं होतं, त्याच वर्षाच्या शेवटी तो दुसऱ्यांदा उपचाराला गेला आणि त्यानंतर मात्र कायमची सुटली. हे माहीत असलं की ऐकताना पोटात कालवतं.

मुलुंडकरीण:

बाबांच्या प्रश्नाचं मी सांगते, कारण बांगलादेशच्या कॉन्सर्टबद्दल मला गिटारपेक्षा त्या बाजूनेच जास्त जिव्हाळा आहे.

मुळात ही कल्पना रविशंकरांची. १९७० च्या नोव्हेंबरात पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळ, मग १९७१ मध्ये युद्ध, आणि लाखोंनी निर्वासित भारतात येतायत. रविशंकरांचं घराणं मूळचं त्याच बाजूचं. त्यांनी जॉर्जला सांगितलं की एक कार्यक्रम करून २५,००० डॉलर जमले तरी खूप आहे. जॉर्जने ते मनावर घेतलं आणि काही आठवड्यांत १ ऑगस्ट १९७१ ला, रविवारी, दुपारचा आणि रात्रीचा असे दोन शो लावले. दोन्ही मिळून सुमारे ४०,००० लोक आले. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट जमले, आणि ते युनिसेफला लगेच दिले गेले. म्हणजे मागितले त्याच्या जवळजवळ दहापट.

आता पुढची गोष्ट तितकी सरळ नाही. खरी मोठी रक्कम येणार होती तीन रेकॉर्डच्या संचातून आणि फिल्ममधून. पण कार्यक्रम ठरवतानाच युनिसेफशी कायदेशीर करार केलेला नव्हता, त्यामुळे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने या पैशाला करमाफी द्यायला नकार दिला आणि त्यातली बरीच रक्कम कित्येक वर्षं अडकून पडली. रेकॉर्ड कंपन्यांमध्येही कुणी किती सोडायचं यावरून ओढाताण झाली. पैसे पोचले, लाखो डॉलर पोचले, पण ज्या पोरांना ७१ साली दूध आणि औषध हवं होतं त्यांच्यासाठी फार उशिरा. माझा राग यात कलाकारांवर नाहीये. चांगल्या मनाने केलेल्या कामाला नीट कागदपत्रं नसली की काय होतं ते इथे दिसतं, आणि पुढच्या सगळ्या मोठ्या कॉन्सर्टवाल्यांनी ट्रस्ट आधी आणि स्टेज नंतर हे यातूनच शिकून घेतलं.

आपल्याकडे त्याच काळात पत्रावर पाच पैशांचं 'शरणार्थी सहायता'चं जादा तिकीट लावावं लागायचं, आई सांगते अजून. म्हणजे मॅडिसन स्क्वेअरला जे चाललं होतं त्याच कामासाठी इकडे पत्रामागे सामान्य माणूस पाच पैसे देत होता. हे मला त्या कॉन्सर्टइतकंच मोठं वाटतं.

आणि ई_मायनर, क्लॅप्टनसाठी ती फिल्म लावशील तेव्हा पहिला भाग पळवू नकोस हं. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. सतार आणि सरोद नुसते जुळवून होतात आणि पब्लिक टाळ्यांचा कडकडाट करतं, तेव्हा रविशंकर हसून म्हणतात की जुळवणं इतकं आवडलं तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. मग जी 'बांगला धून' होते, तिच्या शेवटाला अल्लारखाँसाहेबांचे हात बघ फक्त.

जुनी_कॅसेट:

वरच्या दोघांनी फार छान लिहिलंय. मला एका कार्यक्रमाची भर घालायचीये जो नेहमी मागे पडतो. १९८३ चा आर्म्स कॉन्सर्ट (आर्म्स म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजाराच्या संशोधनासाठीची संस्था).

रॉनी लेन म्हणून बेस वाजवणारा, स्मॉल फेसेस आणि फेसेसमधला. त्याला मल्टिपल स्क्लेरॉसिस झाला. हात पाय साथ देईनात. त्या आजाराच्या संशोधनासाठी पैसे उभे करायचे म्हणून २० सप्टेंबर १९८३ ला अल्बर्ट हॉलमध्ये त्याचे दोस्त जमले. आणि दोस्त कोण, तर क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज! तिघेही एकेकाळी यार्डबर्ड्स या एकाच बँडमधून गेलेले, पण एकामागून एक, तिघं मिळून एका स्टेजवर कधी नाही. लोक वर्षानुवर्षं यातला श्रेष्ठ कोण यावर भांडत होते आणि इथे तिघे शेजारी शेजारी उभे राहून क्लॅप्टनचं 'लैला' वाजवतायत. ड्रम्सवर चार्ली वॉट्स, गायला स्टीव्ह विनवुड. पेजची अवस्था तेव्हा वाईट होती, लेड झेपेलिन बंद पडून तीन वर्षं होत आली होती, तो अगदी वाळलेला दिसतो, हात कुठे कुठे अडखळतात. पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. शेवटी रॉनी लेन स्वतः स्टेजवर आला आणि गायला. हे सगळं इतकं जमलं की मग बहुतेक तीच मंडळी अमेरिकेत चार शहरांत जाऊन पुन्हा वाजली.

मला हे बघताना दर वेळी 'संयुक्त मानापमान' आठवतं. ८ जुलै १९२१, मुंबईचं बालीवाला थिएटर, टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोन कंपन्या, दोघांचे चाहते एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि फंडासाठी दोघं एका रंगमंचावर. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, म्हणजे तो फंड नसता तर ते पुन्हा कधी होणंच नव्हतं. तिकीट मदतीचं असलं की मोठे कलाकार आपापला मान बाजूला ठेवून एकत्र येतात, एरवी कुठला मॅनेजर आणि कुठली कंपनी हे होऊ देणार. आर्म्समध्ये क्लॅप्टन स्वतःच्या गाण्यात दुसऱ्याला सोलो देऊन मागे ऱ्हिदम वाजवत उभा राहतो, ते शिकणाऱ्या पोरांनी नक्की बघावं. पुढे १९८८ ला मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या वेंबलीच्या कार्यक्रमातही तो डायर स्ट्रेट्सच्या मागे दुसरी गिटार घेऊन उभा होता, मधोमध मार्क नॉप्फलर.

स्पष्ट_बोलतो:

सगळं ठीक आहे पण एक गोष्ट कुणीच लिहीत नाहीये म्हणून लिहितो. हाच माणूस १९७६ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून दारूच्या नशेत परदेशातून आलेल्या लोकांना ब्रिटनमधून हाकला असं बोललेला आहे. आपल्यासारख्याच लोकांबद्दल. ज्यांच्यासाठी पाच वर्षांपूर्वी मॅडिसन स्क्वेअरला वाजवलं त्यांच्याच भाऊबंदांबद्दल. आणि हा माणूस आयुष्यभर काळ्या ब्लूजवाल्यांची गाणी वाजवून मोठा झालेला! त्यावरून संतापून लोकांनी रॉक अगेन्स्ट रेसिझम ही चळवळ उभी केली. माझा काका तेव्हा लेस्टरला गिरणीत कामाला होता, त्यांच्यासाठी ती नुसती बातमी नव्हती, रस्त्यावर रोज ऐकून घ्यावं लागायचं. चॅरिटीचं कौतुक करताना हे झाकू नका एवढंच.

फ्रेटबोर्ड_पुणे:

झाकायचं काहीच कारण नाही आणि तू लिहिलंस ते बरं झालं. तो जे बोलला ते घाणेरडंच होतं, दारू हे कारण होऊ शकतं, माफी नाही. बरीच वर्षं तो त्यावर सरळ बोललाही नाही, खूप नंतर, म्हातारपणी, त्याची लाज वाटते असं त्याने जाहीरपणे सांगितलं. ज्याला माफ करायचं नाही त्याने करू नये, काकांनी तर मुळीच नको.

पण म्हणूनच त्याच्या चॅरिटीतलं मला जे सगळ्यात खरं वाटतं ते बांगलादेश किंवा लाइव्ह एड नाही. तिथे त्याला बोलावलं आणि तो गेला. खरं वाटतं ते अँटिग्वाचं क्रॉसरोड्स सेंटर, कारण ते त्याच्या स्वतःच्या वाईट दिवसांतून आलंय. १९९८ मध्ये त्याने कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावर दारू आणि ड्रग्जच्या व्यसनातून बाहेर काढणारं हे केंद्र उभं केलं, आणि त्यात त्या बेटांवरच्या परवडत नसलेल्या लोकांनाही उपचार मिळावेत हा पहिल्यापासून हेतू. दुसऱ्याचं दुःख बघून पाझर फुटणं वेगळं आणि स्वतः ज्या खड्ड्यात पडलो त्याला कठडा बांधणं वेगळं.

आणि ते चालवायला पैसे कुठून आणले बघा. १९९९ मध्ये स्वतःच्या १०० गिटार लिलावात काढल्या. त्यात 'ब्राउनी' होती, १९५६ ची स्ट्रॅटोकास्टर, जिच्यावर 'लैला' रेकॉर्ड झालं. ती ४,९७,५०० डॉलरला गेली. सगळ्या मिळून ५० लाख डॉलरच्या वर. २००४ मध्ये पुन्हा लिलाव, आणि त्या वेळी 'ब्लॅकी' दिली. ब्लॅकी म्हणजे त्याने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट स्वस्तात उचलल्या होत्या, त्यातल्या तीन मित्रांना वाटल्या, जॉर्ज हॅरिसन, विनवुड आणि पीट टाउनझेंडला, आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून एक बनवली. एकीची बॉडी, एकीची नेक, असं. पुढची बरीच वर्षं तीच गिटार. नेकचं पॉलिश अंगठ्याने झिजून गेलेलं. ती ९,५९,५०० डॉलरला विकली गेली. गिटार वाजवणाऱ्यालाच कळेल हे देणं म्हणजे काय आहे. चेक फाडणं सोपं असतं, हाताला बसलेलं वाद्य देणं सोपं नसतं.

एडिसनहून:

क्रॉसरोड्स फेस्टिव्हलचं मी लिहिते, कारण २०१३ चा मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला मी आणि नवऱ्याने प्रत्यक्ष बघितलाय. तोही त्या सेंटरच्या मदतीसाठीच असतो. पहिला २००४ ला डॅलसमध्ये झाला, मग २००७ आणि २०१० शिकागोला, २०१३ न्यूयॉर्क, २०१९ पुन्हा डॅलस, २०२३ लॉस एंजेलिस.

मला तिथे जाणवलं ते हे की यजमान असूनही क्लॅप्टन सारखा पुढे पुढे करत नाही. अकूस्टिक घेऊन बसून वाजवतो, मग दुसऱ्याच्या सेटमध्ये येतो, कोपऱ्यात उभा राहतो, एक सोलो घेतो आणि जातो. बी. बी. किंग तेव्हा बरेच थकलेले, खुर्चीवर बसून, हात आधीसारखे चालत नव्हते, पण एकच नोट अशी लावायचे की अख्खं गार्डन गप्प. त्यांच्या शेजारी बसलेल्या सगळ्या गिटारवाल्यांचं लक्ष त्यांच्याकडे, कुणी त्यांच्यावर वाजवत नव्हतं. मी गिटार वाजवत नाही, माझं गाणं पेटीपुरतं, पण साथ म्हणजे काय ते मला त्या रात्री दिसलं.

तिकीट महाग होतं, खोटं कशाला बोलू. पण पैसे कशासाठी जाणार ते एका ओळीत सांगता येत होतं, एक ठरावीक सेंटर, एक ठरावीक काम. ई_मायनरच्या बाबांना माझ्याकडून हेच सांगा, की 'जगातली भूक मिटवू' म्हणणाऱ्यापेक्षा 'या इमारतीतल्या या रुग्णांचा खर्च' म्हणणाऱ्याचा हिशोब विचारता येतो.

ई_मायनर:

अरे बापरे, सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबा आणि मी दोघांनी मिळून १९७१ चं आणि २००२ चं लागोपाठ बघितलं. मुलुंडकरीण ताई, बाबांना शरणार्थी तिकीट लगेच आठवलं, त्यांच्या लहानपणी आजोबांच्या पत्रांवर असायचं म्हणे, मग गिटार राहिली बाजूला आणि त्या वर्षाच्या गोष्टीच निघाल्या.

फ्रेटबोर्ड दादा, बेंड आधी आणि व्हायब्रॅटो नंतर हे करून बघतोय. ट्यूनर लावून बघितलं तर माझा फुल बेंड दर वेळी थोडा खालीच राहतो. तीन बोटं एकत्र लावली की वर जातो पण मग हलवता येत नाही. काय करू? आणि २००२ मध्ये रविशंकरांच्या भागातही क्लॅप्टन आहे असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

फ्रेटबोर्ड_पुणे:

खरं आहे. 'अर्पण' नावाची रचना आहे, रविशंकरांनी जॉर्जसाठी केलेली, अनुष्का शंकरने कंडक्ट केली, आणि त्यात मध्ये क्लॅप्टन अकूस्टिक गिटार वाजवतो. सगळे भारतीय वादक, आणि त्यात हा नम्रपणे बसलेला, मोजकंच वाजवतो. बघच.

बेंडचं म्हणशील तर तारा कुठल्या लावल्यात? दहाच्या असतील तर नऊच्या लावून बघ. आणि अंगठा नेकच्या मागे ठेवत असशील तर वर आण, नेकवरून डोकावला पाहिजे, जोर तिथून मिळतो. आधी त्याच तारेवर दोन फ्रेट पुढची नोट साधी वाजव, कानात बसव, मग बेंडने तिथपर्यंत पोच. हलवायची घाई नको. बाबांना ऐकवत जा, सूर खाली राहिला की बाहेरच्याला आधी कळतं.

जुनी_कॅसेट:

आणि बाबांसाठी आर्म्स पण लाव रे एकदा. पेज येतो तिथपासून.